डागाच्या जागी वर्तुळ

सासूबाईंनी हौसेने घेऊन दिलेल्या सोफ्यावर जावईबापूंनी चहा सांडला. बायको परतायच्या आत त्यांनी डाग घासून काढला, तर तिथे ताटाएवढं लख्ख वर्तुळ उमटलं. तेवढ्यात दारात खुद्द सासूबाई! जावईबापूंनी वर्तुळावर बसकण मारली.

"उठा, ओले व्हाल."

बाह्या सरसावून सासूबाईंनी फडक्यावर साबणाचा नुसता फेस घेतला, शिवणीपासून शिवणीपर्यंत अख्खी गादी हलक्या हाताने पुसली, टॉवेलने टिपली आणि पंखा लावला.

"एकटा डाग पुसायचा नसतो. सगळी गादी पुसली, की कुठे सांडलं होतं ते गादीलाही आठवत नाही."

वर्तुळ खरोखरच दिसेनासं झालं.

"पण हिला काय सांगू?"

"आईने आल्या आल्या सोफा पुसला म्हणा. तिला मुळीच नवल वाटणार नाही."

जावईबापूंनी सासूबाईंची बॅग उचलली आणि कुणी न सांगता मुक्काम वाढवायचा आग्रह धरला.