लुगड्यावर मांडलेली राजदूत

मित्रांनो, माझं वय विचारू नका. माझ्या टाकीवर लाल रंग कितीदा चढला आणि कितीदा उतरला, ते मलाही आठवत नाही. मी राजदूत मोटारसायकल. नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादला, फुलशेती करणाऱ्या मल्हारीच्या पडवीत माझा मुक्काम आहे.

जन्म माझा दूर फरिदाबादच्या कारखान्यात झाला, पण मी शुद्धीवर आले ती इथेच म्हणा ना. मल्हारीने मला आणली तेव्हा कलाबाई नवी नवरी होती. तिने मला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या पाठीवर झेंडूच्या गोण्या आल्या. पहाटेचा फुलबाजार मी कधी चुकवला नाही. वणीच्या घाटात नव्या कोऱ्या गाड्या धापा टाकत उभ्या राहायच्या आणि मी मल्हारी, कलाबाई व लहानग्या ज्ञानेशला घेऊन वर पोहोचायचे. लोक म्हणायचे, "मल्हारी, गाडी हे का घोडी?" तो मिशीतल्या मिशीत हसायचा. मलाही थोडा गर्व व्हायचा, खोटं कशाला बोलू!

गॅरेजचं तोंड मी पाहिलं नाही. बाजार नसेल त्या दुपारी मल्हारी पडवीत कलाबाईचं जुनं लुगडं अंथरायचा आणि मला खोलायला बसायचा. जो भाग निघेल तो त्या लुगड्यावर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडायचा. "शेवटी निघालं ते आधी बसतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. समोर कलाबाई बसायची. अंधाऱ्या कोपऱ्यात बॅटरी धरायची आणि तो मागेल ते हातात द्यायची.

"अगं, बारा-तेराचा पाना दे."

"आन् माळा कोण ओवणार माझ्या?"

"ओवशील गं. आधी तो प्लग पूस."

दिवसभर दोघं मळ्यात राबायची. निवांत गप्पा मारायला त्यांना तेवढीच जागा होती, माझ्या सुट्या भागांच्या दोन बाजूंना.

मग एका दुपारी मल्हारीने मला जोडली आणि लुगड्यावर एक नट उरला. त्याने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. उरलेला नट म्हणजे त्याच्या लेखी मोठी नाचक्की. त्यानंतर काही दिवसांनी तो मला फुलबाजारातच विसरून चालत घरी आला. डॉक्टरांनी ज्ञानेशला बाजूला घेऊन सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार.

आणि तो वाढला. मल्हारी स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसून म्हणू लागला, "गाडी चालू झाली की घरी जाऊ." मी तर तेव्हा चालूच होते. पण त्याने मला खोललं, पार शेवटचा नट सुटेपर्यंत खोललं. रोज सगळे भाग रॉकेलमध्ये धुवायचे, पुसायचे, मांडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ओळ मात्र कधीच मोडली होती. पिस्टनशेजारी आरसा आणि प्लगशेजारी ब्रेकची तार. मित्रांनो, गंजाचं दुःख मला नवं नाही, पण त्या लुगड्यावर अशी विखरून पडल्यावर मला माझ्यापेक्षा त्याचंच रडू यायचं.

एकदा कलाबाई चहा घेऊन आली. त्याने कप घेतला आणि आदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्या?" चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिला 'अगं' म्हटलं, तिला तो 'बाई' म्हणाला. ती आत गेली.

ज्ञानेश अंबडच्या कंपनीत कामाला आहे. मनाने वाईट नाही. बापाकडे बघत तो म्हणाला, "आई, गाडी देऊन टाकू भंगारात. नानांचे हात बघ, रॉकेलनं सोलून निघालेत."

"देशील रे. पण एकदा चालू होऊ दे," कलाबाई म्हणाली. "ते म्हणतात ना, चालू झाली की घरी जाऊ. काय सांगावं, खरंच येतील घरी."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने लुगडं झटकून नीट अंथरलं आणि माझे भाग आठवून आठवून ओळीने लावले. मग नेहमीच्या जागी, त्याच्या समोर बसली. जन्मभर तो मागायचा आणि ती द्यायची. आता तो मागत नव्हता, तरी ती देत होती. पिस्टन दिला. त्यावर ब्लॉक दिला. मग हेड. प्रत्येक भाग हातात पडला की मल्हारीचे हात आपोआप कामाला लागायचे. हेडचे नट त्याने एकाआड एक, तिरपे आवळले, अगदी पूर्वीसारखे. अशा कितीतरी दुपारी गेल्या. शेवटी लुगडं रिकामं झालं. एकही नट उरला नाही.

रविवारी ज्ञानेशने ऑइल घालून पेट्रोल आणलं आणि किक मारली. मी खोकले, पुन्हा खोकले आणि एकदम चालू झाले. निळा धूर पडवीभर झाला. कलाबाईने टाळीच वाजवली.

मल्हारीने कान दिला. वाकून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू किंचित फिरवला. माझा श्वास जागेवर आला. "रेस जास्त होती," तो म्हणाला.

"अहो, झाली ना चालू," कलाबाई पुढे आली. "आलो ना घरी आपण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि लुगड्याला हात पुसले. "गाडी लय जिवानं ठेवलीय, बाई. मालक कोण हिचा?"

ज्ञानेशने तोंड फिरवलं. कलाबाईने पदर सारखा केला. "हे एक जण," ती म्हणाली. "लय चांगला माणूस हे."

"मग त्यांना सांगा, उभी ठेवू नका म्हणावं. रोज थोडी तरी चालू करा. उभी ठेवली की गाडी मरती."

"सांगते," कलाबाई म्हणाली.

भंगारवाल्याला मग कोणी बोलावलं नाही. ज्ञानेश रोज संध्याकाळी कामावरून आला की मला चालू करतो. मित्रांनो, मी लोखंडाची म्हातारी तुम्हाला काय शिकवणार! एवढंच मागते, तुमच्या घरात कोणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर चिडू नका. काल पुसलेला प्लग आज पुन्हा पुसावाच लागतो.

मल्हारी रोज ओट्यावरून माझा आवाज ऐकतो आणि विचारतो, "बाई, मालक आले नाय का अजून?"

"येतील ना," कलाबाई म्हणते आणि त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देते.