पालकाची सही

"मावशी, तुम्ही आणि दादा जरा बाहेर बसा. मला करुणाताईंशी एकट्यांशीच बोलायचंय."

अक्काबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. "तिला न्हाय सांगता यायचं, मॅडम. काय इचारायचं ते मला इचारा."

"पालक त्यांच्यासाठी नेमायचाय ना? मग आधी त्यांनाच विचारते," प्राची मॅडम म्हणाल्या. सुमितनं आईच्या दंडाला धरून तिला उठवलं. दार लागलं.

पालकत्वाच्या अर्जांची चौकशी करणाऱ्या बारामतीतल्या त्या कचेरीच्या व्हरांड्यात अक्काबाई बाकावर बसल्या. त्यांची लेक करुणा छत्तीस वर्षांची होती. ती जन्मापासून मंद होती, बोलताना शब्दाशब्दाला अडायची, आणि अडली की पुढचा शब्द अक्काबाई घालायच्या. डॉक्टर असो, कंडक्टर असो, लग्नातल्या बायका असोत, 'काय म्हणतीय ती?' असं सगळे अक्काबाईंनाच विचारायचे. आज पहिल्यांदाच ती काहीतरी बोलत होती आणि ते अक्काबाईंना ऐकू येत नव्हतं.

त्यांचं यकृत निकामी होत चाललंय हे डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं, तेव्हा त्यांना काहीच वाटलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी कुकर लावला होता. मग सुमितला बोलावून म्हणाल्या होत्या, "माझ्या माघारी ताईचा पालक तू हो. कागद करून टाक." सुमित एमआयडीसीत कामाला. बायको बाळंतपणाला गेलेली. त्यानं इंदापूरकडची एक निवासी संस्था बघून ठेवली होती. दोन वेळचं जेवण, झोपायला खाट, बाया चांगल्या. अक्काबाईंनी मान डोलावली होती. करुणाला कुणी विचारलं नव्हतं.

"एवढा येळ काय बोलती ही?" त्या म्हणाल्या.

"बोलू दे की," सुमित मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

पाऊण तासानं दार उघडलं. करुणा टेबलाशी ताठ बसली होती. प्राची मॅडमनी दोघांना समोर बसवलं.

"संस्थेत जायचं नाही म्हणतात त्या. जळोचीच्या घरीच राहायचंय. कुशाबाईंच्या खानावळीत भाकरी थापायला जातात, ते काम सोडायचं नाही. बँकेत आणि दवाखान्यात भावानं बरोबर यावं, पण विचारून."

सुमित गोंधळला. "ताई, तितं चांगलं हाय गं. मी बघून आलोय."

करुणानं मान हलवली. "तितं... पोट... कापत्यात."

"हेच मला विचारायचं होतं," प्राची मॅडम म्हणाल्या. "पूर्वी त्या अशाच एका संस्थेच्या निवासी शाळेत होत्या. तिथं ऑपरेशन झालं, आपल्याला सांगितलं नाही, म्हणतात. कसलं ऑपरेशन?"

"अपेंडिक्स," सुमित म्हणाला. "मी चौदा वर्षांचा होतो. व्हय ना, आई?"

अक्काबाईंनी पदर गुडघ्यावर सरळ केला.

"पिशवी काढली," त्या म्हणाल्या.

पंखा फिरत होता. सुमितनं मोबाइल खिशात ठेवला.

"एकोणीस वर्षांची हुती. हितली न्हाय, लांबची शाळा. तितल्या बाई म्हणल्या, समद्या पोरींची करतोय, पाळीचं ह्यांना जमत न्हाय. उद्या काय वंगाळ झालं तर कोण निस्तरणार? पालकाची सही पायजे म्हणल्या. म्या केली. हिला सांगितलं, पोटात दुखतंय म्हणून कापलं."

"दुखत नव्हतं," करुणा म्हणाली.

तिचे ओठ पुढच्या शब्दासाठी हलू लागले. अक्काबाईंना सवयीनं तो शब्द पुरवायचा होता, पण कुठला शब्द येतोय हे त्यांना कळेना. करुणानं वेळ घेतला.

"मला... जमत होतं. माझं... मीच धूत होते."

हे खरं होतं. सुटीला घरी आली की न्हाणीमागं, कुणाला दिसणार नाही असं, ती स्वतःच कपडे धुऊन वाळत घालायची. अक्काबाईंनी ते पाहिलं होतं. सही करायच्या आधीही पाहिलं होतं.

प्राची मॅडमनी करुणाचा जबाब लिहून पुरा केला. मग म्हणाल्या, "कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. ठरावीक गोष्टींपुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून. मी तशी शिफारस करते. चालेल, दादा?"

"ताईला इचारा," सुमित म्हणाला.

करुणानं जबाब दोनदा वाचून दाखवायला लावला. मग खाली एकेक अक्षर दाबत स्वतःचं नाव लिहिलं.

परतताना तिघं रिक्षात बसले. जळोचीच्या कोपऱ्यावर उतरून करुणा सरळ खानावळीत गेली. संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले, आईला ताट वाढलं, तिच्या गोळ्या काढून ताटाजवळ ठेवल्या. रोजच्यासारखंच. अक्काबाईंना वाटलं, रडू येईल. आलं नाही. घास तोंडात फिरत राहिला.

दर गुरुवारी त्यांना तपासून घ्यायला जावं लागे. सोबतीला करुणा असायची. अक्काबाई चपला घालताना 'चल' म्हणत, आणि ती निघत असे.

"करुणा," त्या म्हणाल्या. "उद्या दवाखान्यात जायचंय. माझ्यासंगं येतीस का?"

करुणानं त्यांच्याकडं बघितलं. बराच वेळ विचार केला.

"सकाळी... सांगती," ती म्हणाली, आणि ताटं उचलून न्हाणीकडं गेली.

"बरं," अक्काबाई म्हणाल्या.