पाण्याच्या वाटेवरची भट्टी

माझी जीभ तिखट, हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे. नवरा म्हणतो, फेलिशियाच्या घरी मिरची लागतच नाही. पण माझ्या सख्ख्या भावाच्या दारात, त्याच्या लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी जो तमाशा केला, त्यात तोंडातून फार काही बोललेच नाही. घागर खाली ठेवली आणि बसले.

ऐका, पहिल्यापासून सांगते.

ठाण्याच्या खाडीला लागून आमची किरिस्तावांची आळी. शेतं, होड्या, आणि आळीच्या टोकाला जुनं देऊळ, म्हणजे चर्च, पोर्तुगीजांच्या वेळचं. छप्पर केव्हाच गेलेलं. तीन भिंती, एक कमान आणि अंगणातली विहीर तेवढी राहिलेली. रविवारच्या मिस्साचा विधी आता गावातल्या नव्या देवळात होतो. पण लग्नाचं पाणी मात्र या जुन्या विहिरीचंच. त्याला आम्ही उंबराचं पाणी म्हणतो. नवरीला या पाण्याने न्हाऊ घातल्याशिवाय तिला हळदसुद्धा लागत नाही, लग्न तर लांबच राहिलं. घागर उचलायचा मान आतेचा. आणि आमच्या आळीची आणखी एक रीत आहे. पाणी ज्या वाटेने जाईल, त्या वाटेवरच्या घरात तेव्हा चूल पेटलेली चालत नाही. लग्नाच्या पाण्याने आग बघायची नाही. माझ्या आजीच्या आजीपासून चालत आलंय, का ते मला विचारू नका.

माझा धाकटा भाऊ लिओ. आई गेली तेव्हा तो रांगत होता, मीच वाढवला त्याला. लग्न होऊन या घरी आले तेव्हाही त्याला कडेवर घेऊनच आले. माझ्या नवऱ्याने, सेलेस्टीनने, त्याला पोहायला शिकवलं, होडी शिकवली, घुमट म्हणजे आमचं मडक्याचं वाद्य, त्यावर हात कसा टाकायचा तेही शिकवलं. तोच लिओ मोठा झाला आणि चुन्याचा ठेकेदार झाला. आगगाडी कल्याणच्या पुढे घाट चढून गेली तेव्हापासून जिथे तिथे बांधकामं निघालेली, चुना कितीही केला तरी कमीच. लिओने खाडीतले शिंपले गोळा करून भाजायला भट्टी घातली. कुठे घातली? जुन्या देवळाच्या भिंतीला टेकून, विहिरीच्या वाटेवर. म्हणाला, "बाय, एक भिंत आयती मिळाली."

उरलेल्या बाजूंना दगड लागले, ते त्याने कमानीच्या पायाचे काढले.

मी म्हटलं, "अरे मेल्या, आपल्या आईबापाचं लग्न लागलं त्या कमानीखाली!"

"पडकं तर आहे, बाय. कोणाच्या कामाचं? आणि हे सगळं अ‍ॅग्नेसच्या लग्नासाठीच करतोय ना मी?"

अ‍ॅग्नेस त्याची एकुलती एक. नवरा मुलगा कल्याणचा, रेल्वेत कामाला. आता लेकीच्या नावाने बोलल्यावर आतेने काय बोलायचं?

भट्टी पेटली आणि आळीचं आकाश गेलं. ओली लाकडं, भाताचं तूस, वरून शिंपल्यांचा तो करपट वास. वारा खाडीवरून आला की धूर सरळ आमच्या घरात. वाळत घातलेले बोंबील काळे पडायला लागले. पलीकडच्या विमलाबाईंचे पापड राखेने भरले. विमलाबाई म्हणजे कचेरीतल्या प्रभाकरपंतांची बायको, सोवळ्यातली, माझ्याशी कुंपणावरूनच बोलायची. त्या दिवसापासून कुंपण ओलांडून बोलायला लागली. एवढं एक त्या धुराने बरं केलं.

आणि माझा सेलेस्टीन. आमच्या आळीत पाण्याची गाणी बायकाच म्हणतात, पण सूर लावून द्यायला मांडीवर घुमट घेऊन हाच पुढे. त्याला जुना दमा होता, पावसाळ्यापुरता. आता तो बारमाही झाला. आडवं झालं की छातीत शिट्टी वाजायची, जीव घाबरा व्हायचा. मग भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्याच झोपायचा, मान एका बाजूला टाकून. मी मानेला उशी लावत राहायचे आणि देवाजवळ एकच मागायचे, याचा श्वास चालू ठेव. दुसरं काही नको होतं मला. खोटं कशाला बोलू.

आम्ही गप्प बसलो नव्हतो. प्रभाकरपंतांनी सरकारात अर्ज लिहून दिला, आळीतल्या आणि त्यांच्या वाडीतल्या सगळ्यांनी सह्या नाहीतर अंगठे केले. एक साहेब घोड्यावरून आला. नाकाला रुमाल लावून भट्टीभोवती फिरला, आणि नाकावरचा रुमाल न काढताच म्हणाला, इथे त्रास होण्यासारखं काही दिसत नाही. विमलाबाई एवढी शांत बाई, पण तीसुद्धा म्हणाली, "याच्या डोळ्यांनाही रुमाल बांधायला हवा होता हो."

लिओ आमच्याकडे यायचा बंद झाला, अ‍ॅग्नेसलाही पाठवीना. सेलेस्टीन त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द बोलायचा नाही, आणि मला बोलू द्यायचा नाही. "पोर आहे," म्हणायचा. पोराचे केस पांढरे व्हायला आले होते!

लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं, आता तरी चार दिवस भट्टी बंद राहील. पण कल्याणच्या एका कामाला चुना हवा होता, आणि लिओने लग्नाच्या तोंडावरच नवी भट्टी भरून पेटवली. चुन्याची भट्टी एकदा पेटली की मधेच विझवता येत नाही. विझवली तर शिंपले अर्धे कच्चे राहतात, सगळा माल मातीत. हे सगळं त्याला माहीत, फक्त एक गोष्ट विसरला. त्याच्या स्वतःच्या लेकीचं पाणी त्याच वाटेने यायचं होतं.

पाण्याचा दिवस उजाडला. बायका नटून जमल्या, वाजंत्री आले. मी नवी घागर घेऊन लिओच्या अंगणात उभी राहिले आणि म्हटलं, "लिओ, वाटेवरच्या सगळ्या चुली विझल्या. विमलाबाईनेसुद्धा विझवली. तुझी राहिली."

खरंच विझवली होती तिने. म्हणाली होती, "ग्रहणात आम्ही चूल बंद ठेवतो की, मग पोरीच्या लग्नात का नको?"

लिओ हसला. "भट्टी म्हणजे चूल नव्हे, बाय."

"मग काय पाळणा आहे?"

बायका खुसखुसल्या. लिओचं तोंड लाल झालं. "मागच्या वाटेने जा. नाहीतर स्टेशनाकडच्या विहिरीचं आणा. पाणी ते पाणीच."

तेव्हा मी घागर खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले. एकेक करत साऱ्या बायका बसल्या. वाजंत्र्यांना काय करावं कळेना, मग तेही बसले. विमलाबाईही आली आणि लिओच्या कुंपणापलीकडे पाट घेऊन बसली.

ऊन चढलं. कोणी उठेना. लिओ आत जाई, बाहेर येई, ओरडे. "सख्खी बहीण माझी, आणि वैऱ्यासारखी दारात बसलीस!" ज्याला घास भरवला त्याच्याच दारात हट्टाला बसले होते मी. त्यात अ‍ॅग्नेस बाहेर आली. माखून न्हायची म्हणून जुनं लुगडं नेसलेली, केस मोकळे, डोळे सुजलेले. माझ्यापुढे गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "आते, माझ्याच लग्नात का गं?"

जन्मली तेव्हा पहिली मीच तिला हातात घेतली होती. मी मनात म्हटलं, फेलिशिया, हरलीस. माझा हात घागरीकडे गेलाच होता.

तेवढ्यात फाटकाशी खोकला ऐकू आला. सेलेस्टीन. काठी टेकत, कुंपण धरत कसाबसा आला होता. फाटकाला धरून उभा राहिला, बोलायला तोंड उघडलं.

"उचल... गं... घागर." मग थांबला. खांदे वर गेले, खाली आले. "पोरीचं... लग्न..." पुढचं येईना. ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. छातीतली ती शिट्टी मात्र अंगणभर ऐकू येत होती.

अ‍ॅग्नेस त्याच्याकडे बघत राहिली. याच माणसाने तिला लहानपणी मांडीवर घेऊन पाण्याची सगळी गाणी शिकवली होती. माझ्या लग्नात तुम्हीच सूर द्यायचा, असं तिने तेव्हाच दहादा बजावलं असेल त्याला.

"कधीपासून असं?" तिने मला विचारलं. सगळ्यांनी भट्टीच्या धुराकडे पाहिलं.

अ‍ॅग्नेसने डोळे पुसले, घागर उचलली आणि उपडी ठेवली. मग माझ्याशेजारी मांडी घालून बसली. नवरी मुलगी, उघड्या जमिनीवर! बापाला म्हणाली, "बाबा, मी कोरडीच बसते. उद्या कल्याणचे आले की तुम्हीच सांगा त्यांना."

लिओने एकदा लेकीकडे बघितलं, एकदा फाटकाशी उभ्या म्हाताऱ्याकडे, आणि तरातरा निघून गेला. वाटलं, गेला हा, सगळं मोडून गेला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आता माझी जीभ कुठे गेली होती कोण जाणे.

मग विमलाबाई कुंपणाजवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "फेलिशियाबाई, वर बघा."

धूर पातळ होत होता.

आम्ही गेलो तर लिओ लग्नाच्या सदऱ्यावर भट्टीपुढे उभा. लांब आकड्याने पेटती लाकडं ओढून बाहेर काढत होता, आणि त्याची माणसं भट्टीच्या तोंडांना ओला चिखल लिंपत होती. पाणी ओतता येत नाही ना, चुना फुटतो. सदरा काळा झालेला, भुवया जळालेल्या. मला बघून म्हणाला, "बाय, पुढे येऊ नकोस, निखारे आहेत." लहानपणी मी त्याला असंच सांगायचे.

पाणी निघालं. विहिरीवर सेलेस्टीनला कमानीच्या दगडावर बसवला, प्रभाकरपंतांनी पाठीला हात दिला. लिओने घुमट आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. सेलेस्टीनने ठेका धरला, तो चुकला नाही. पहिली ओळ त्याने तीनदा थांबून म्हटली. दुसरी दोनदा. तिसरी ओळ एका दमात आली आणि साऱ्या बायकांनी ती उचलली. मी रहाटावर होते. मला मेलीला दोर दिसेना, सगळं पाणी डोळ्यांत.

गाणं चालू असताना लिओ भिंतीपाशी गेला. भट्टीच्या आगीने तिथे चीर पडली होती, चांगली हात जाईल एवढी. त्याने हात घालून पाहिला. मग तसाच उभा राहिला, दगड अजून गरम असणार, तरी हात काढला नाही.

अ‍ॅग्नेसला मी न्हाऊ घातलं. हळद लागली, जेवणं झाली. ऊन उतरायला मी घरी आले तर सेलेस्टीन चटईवर आडवा.

आडवा म्हणजे काय? इतके महिने हा माणूस आडवा झालेला मी पाहिला नव्हता. धावत जाऊन त्याच्या नाकाखाली तळवा धरला. ऊन ऊन श्वास लागला. आला, गेला. शिट्टी नाही, काही नाही. गाढ झोपला होता, एका कुशीवर, लहान पोरासारखा. मी तिथेच बसून राहिले आणि त्याचा श्वास ऐकत राहिले. जन्मात एवढं गोड काही ऐकलं नव्हतं.

इतक्यात वाजंत्री. संध्याकाळच्या मांडवाला आम्हाला बोलवायला लिओ वाजतगाजत येत होता. मी बाहेर धावले. "वाजवू नका रे मेल्यांनो! बंद करा!"

वाजवणं थांबलं. लिओचा चेहरा पांढराफटक. मला बाजूला सारून तो आत शिरला. "दाजींना काय झालं?"

"झोपलाय."

तो दारातच थबकला. चटईकडे बघत राहिला. "असा पडून?"

"असा पडून. तुझी भट्टी लागल्यापासून पहिल्यांदा."

त्याला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असणार कसं, तेव्हापासून घरी पाऊल कुठे टाकलं होतं त्याने. तो हळूच उंबऱ्यावर बसला. वाजंत्र्यांना हाताने खूण केली, मागच्या वाटेने जा, न वाजवता. मी त्याच्या शेजारी बसले, दोघंही म्हाताऱ्याच्या श्वासाकडे कान लावून. त्याच्या जळलेल्या भुवया बघून मला हसू येत होतं आणि रडूही.

मग तो म्हणाला, "बाय, ती भट्टी आता तिथे पेटायची नाही. कमानीचे दगडही जिथले तिथे लावतो."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "हळू बोल. उठेल तो."