कपाळावरचे गंध

मित्रांनो, मी एक जुना कॅनव्हास आहे. वय अवघे तीन वर्षांचे. पण अंगावरचे रंग इतके झिजले आहेत की नवख्याला मी तीस वर्षांचा वाटेन. माकणी गावात, द्वारकाबाईंच्या पुढच्या खोलीत मी टांगलेला आहे. माझ्यावर त्यांच्या यजमानांचा, हरिबांचा चेहरा आहे.

हरिबांनी आयुष्यभर धरणाकाठी मेंढरे राखली. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला: मतदान ओळखपत्रावरचा, नखाएवढा, अर्धे डोळे मिटलेला. म्हणून द्वारकाबाई मुरुमला शिवकन्याकडे गेल्या. शिवकन्या माकणीचीच लेक. चित्रकला शिकून मुरुमला शिक्षिका झालेली.

तिने मला लाकडी चौकटीवर ताणले, सरसाचा हात दिला, त्यावर पांढरा लेप चढवला. मग कोळशाने पहिले रेखाटन केले आणि द्वारकाबाईंना दाखवले.

"कान लई मोठे काढलेस गं."

"फोटोत तसेच हायेत, आत्या."

"असतील बाई. एवढे असून माझं एक ऐकलं न्हाय कधी!"

दोघी हसल्या. मग द्वारकाबाई जवळ आल्या. "डावी भुवई जरा वर घे. खोटं बोलताना तशी व्हायची."

शिवकन्याने भुवई वर घेतली. द्वारकाबाईंचे हसणे थांबले. "व्हय," त्या हळूच म्हणाल्या, "आता हे बोलतील."

त्या रेघांवर पातळ तपकिरी रंग आला. त्यावर करड्या रंगात उजेड आणि सावली आली, मग कातडीचा रंग. एक थर वाळल्याखेरीज शिवकन्या दुसरा देत नसे. कधी आठ दिवस, कधी पंधरा दिवस मी भिंतीला टेकून नुसता उभा असे. शेवटी तिने अगदी पातळ, आरपार दिसणारे थर दिले, आणि उन्हात रापलेल्या कपाळाची तांबूस झाक उमटली.

एवढ्यात वर्षश्राद्धाची तिथी आली. रंगाला जपणारा वॉर्निशचा थर राहिला होता. त्यासाठी रंग आतपर्यंत वाळायला हवा.

"सहा महिन्यांनी येऊन वॉर्निश करते," शिवकन्या म्हणाली. "तवर काच लावू नका, आत्या. रंगाला हवा लागू द्या."

हात लावू नका, हे मात्र सांगायचे राहिले. आणि त्या सहा महिन्यांची अडीच वर्षे झाली.

वर्षश्राद्धाला हरिबांचे जुने सोबती बलभीम आले. उंबऱ्यातूनच ओरडले, "हरिबा, मेंढरं कुणावर सोडून बसलास रं?" आणि मग डोक्याचा पटका काढून त्यातच तोंड लपवले. याहून मोठे कौतुक मला पुन्हा मिळाले नाही.

दुसऱ्या दिवसापासून द्वारकाबाई आंघोळ करून माझ्यापुढे येऊ लागल्या. ओल्या फडक्याने कालचे गंध पुसायचे, बोटाने आजचे लावायचे. घरातल्या काचेच्या तसबिरींना त्या असेच करत आल्या होत्या. मला काच नव्हती. इतक्या मायेचा हात मला दुसऱ्या कोणाचा लागला नाही, आणि त्याच हाताने माझा एकेक थर उतरत होता. फडक्यावर रोज जरा तांबूस रंग येई. तो गंधाचाच, असे त्यांना वाटे. आधी कपाळावरची झाक गेली. मग कातडीचा रंग विरला, खालचा करडा उघडा पडला. ज्या क्रमाने मी घडलो, त्याच्या उलट्या क्रमाने मी पुसला जात होतो, आणि मला बोलता येत नव्हते.

परवा शिवकन्या आली. उंबऱ्यातच थबकली.

"एक दिस चुकले न्हाय बघ," द्वारकाबाई अभिमानाने म्हणाल्या.

शिवकन्याने त्यांच्या हातातले फडके घेतले, उजेडात धरले. "आत्या, हे समदं गंध न्हाय. रंग हाय."

द्वारकाबाईंनी फडक्यावरचा डाग बोटाने चोळून पाहिला. "म्हंजे म्याच पुसलं त्यान्ला?"

"न्हाय, आत्या. सांगायचं माझ्याकडून राहिलं. यायचंबी राहिलं."

"भुवई हाय का अजून?"

शिवकन्याने जवळ येऊन पाहिले. "रंग गेलाय. खालची कोळशाची रेघ हाय. तिच्यावर पुन्हा एकेक थर चढवीन. पण लई दिवस लागतील, आणि तवर हात लावायचा न्हाय."

द्वारकाबाईंनी ते फडके धुतले नाही. घडी करून ट्रंकेत ठेवले.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव लावाल ते कशाचे बनले आहे, हे आधी विचारून घ्या. आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याने वेळेवर सांगावे. पुढच्या भेटीवर टाकू नये. नुसत्या मायेने माझ्यासारख्याचे रक्षण होत नाही.

उद्या शिवकन्या मला मुरुमला नेणार आहे. आज सकाळी द्वारकाबाई नेहमीप्रमाणे आल्या. बोटावर गंध होते. ते बोट माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबले आणि गंध वाळेपर्यंत तिथेच थांबून राहिले.