महिपतदादांचा बोलता पाट

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या गाळ्यात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. लोट्याहून रात्रपाळी उरकून तसेच आलेले बाप होते, मंडणगडाहून पहाटेची एसटी धरून आलेल्या आया होत्या. प्रत्येकाच्या कडेवर किंवा बोटाला एक न बोलणारं मूल होतं. समोर गादीवर महिपतदादा बसले होते. पांढरा कुर्ता, कपाळाला अष्टगंध, ओठांशी माइक. मांडीवर कुणाची तरी चिमुरडी आणि पुढ्यात अक्षरं रंगवलेला लाकडी पाट.

दादांनी मुलीचं मनगट धरलं. तिचं बोट पाटावर फिरू लागलं आणि शेजारी बसलेली शिष्या एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागली.

"आ... ई... र... डू... न... को."

मुलीच्या आईने हंबरडा फोडला. तिच्याबरोबर अर्धा गाळा रडायला लागला.

"आत्म्याला जीभ लागत नाही, माउली!" दादा गरजले. "डॉक्टर मेंदू तपासतात, आम्ही लहरी तपासतो. क्वांटम लहरी! आपल्या ऋषींना ठाऊक होतं, आता अमेरिकेला कळलंय."

अमेरिकेला कळलंय म्हटल्यावर शंका काढायची कुणाची बिशाद?

मागच्या रांगेत रुचिरा मात्र घाबरून आपल्या नंबराची वाट बघत होती. तिचा विनीत साडेचार वर्षांचा. हाक मारली तरी बघत नसे, एक शब्द बोलत नसे. नवरा सोहम मच्छीमार बोटीवर, त्यामुळे घरात ती आणि सासू बकुळाबाई. बकुळाबाई बंदरावर मासे विकायच्या. दादांवर त्यांची अपार श्रद्धा होती. आणि मागच्याच रविवारी या पाटावर विनीतच्या बोटाने लिहिलं होतं: मला आईची भीती वाटते. मला दादांकडे ठेवा.

दादांनी लगेच उपाय सांगितला होता. गणपती होईपर्यंत पोर दादांच्या मठात राहील, आईने तोंड दाखवायचं नाही. तेव्हापासून बकुळाबाई सुनेकडे संशयाने बघत होत्या. त्याहून वाईट म्हणजे रुचिराला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं. पोराने भात भिरकावला की ती ओरडायची, एकदा हातही उगारला होता. पोर खरंच आपल्याला भीत असेल तर? ती त्याला जवळ घ्यायलासुद्धा घाबरू लागली.

शेवटी काल, शनिवारी, ती कुणाला न सांगता समीक्षाकडे गेली होती. समीक्षा शहरातली ऑक्युपेशनल थेरपिस्ट, खेळातून मुलांच्या वाढीवर काम करणारी. अंगणवाडीच्या बाईंनी तिचं नाव कधीच सुचवलं होतं, पण बकुळाबाईंनी उडवून लावलं होतं. "पोराबरोबर जमिनीवर लोळते ती. ती काय बरा करणार? खेळायला तर शेजारची पोरा पण येतात!"

समीक्षाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "विनीतला वाचता येतं?"

"नाही हो. चित्रातली गायसुद्धा दाखवत नाही."

"मग लिहितं कोण?"

"दादा म्हणतात, आत्मा."

"बरं. मग विनीतने पाहिलेलं आणि दादांनी न पाहिलेलं असं काहीतरी त्या आत्म्याला विचारा. लिहिणारा विनीत असेल तर बरोबर येईल. मनगट धरणारा असेल तर चुकेल."

घरी येऊन रुचिराने सासूला सांगितलं, "आये, उद्या तुमच्या टोपलीत तुम्हीच काहीतरी ठेवा. मलापण सांगू नका. विनीतला दाखवा, दादांना नको. पाटावर बरोबर आला तर मी माझ्या हाताने पोराला मठात सोडीन."

बोलून गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं. पोर पणाला लावलं होतं तिने.

"दादांची परीक्षा घेतेस गो?" बकुळाबाई उसळल्या.

"कल्ला उघडून ताजेपणा बघितल्याशिवाय तुम्ही जाळ्यावरचा मासा तरी घेता काय?"

बकुळाबाईंनी टोपली पुढ्यात ओढली. कारण नव्हत्या घेत. सख्ख्या भावाकडूनही नव्हत्या घेत.

तर या रविवारी त्या फडक्याने झाकलेली टोपली घेऊन आल्या होत्या. नंबर लागल्यावर विनीतला कोपऱ्यात नेऊन फडकं वर केलं, त्याला आत बघू दिलं आणि हात जोडून दादांना म्हणाल्या, "नातवाने आता काय बघितला, तेवढा लिहू दे. सुनेचा तोंड बंद होईल."

दादांनी टोपलीकडे पाहिलं, बाईच्या नाकातल्या मोठ्या नथीकडे पाहिलं, बंदराचा वास घेतला आणि हसले. विनीतचं मनगट धरलं. विनीत वर फिरणाऱ्या पंख्याकडे टक लावून बघत होता. बोट खाली आपलं चाललंच होतं.

"पा... प... ले... ट."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रुचिराने डोळे मिटून घेतले. गेलं पोर!

टाळ्या थांबल्या तेव्हा तिने डोळे उघडले. बकुळाबाईंनी फडकं बाजूला केलं होतं. टोपलीत आंघोळीच्या वेळचं पिवळं रबरी बदक होतं. विनीतने झडप घालून ते उचललं आणि दाबलं. चीं! भर सभेत, दादांच्या माइकपाशी.

"बालआत्मा खोडकर आहे," दादा म्हणाले. "नकारात्मक लहरी..."

"राहू दे लहरी," बकुळाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण तो बंदरावरचा आवाज होता. "आता तुम्ही डोळे मिटा. पोराचे उघडेच हायत. आता लिहा."

लोट्याचा एक बाप पुढे आला आणि त्याने आपला रुमाल दादांच्या डोळ्यांवर बांधला. दादांना विनीतचं मनगट धरावंच लागलं आणि बोट फिरलं. एकदा दोन अक्षरांच्या मधे कोऱ्या लाकडावर पडलं, एकदा पाटाबाहेर गादीवर. शिष्येने वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. मघाच्या त्या चिमुरडीची आई लेकीला कडेवर घेऊन पाटाकडे बघत होती. मुलीने लिहिलेलं एकुलतं एक वाक्य तिच्याकडून काढून घेतलं गेलं होतं. अशा फसवणुकीचं पाप कुठल्याच गंगेत धुऊन निघत नाही.

त्या आठवड्यात बकुळाबाई स्वतः सुनेला आणि नातवाला घेऊन समीक्षाकडे आल्या आणि आधी तिचाच कल्ला तपासला.

"शिकलीस कुठं? कागद हाय? आम्ही आत बसू काय?"

समीक्षाने भिंतीवरची पदवी आणि नोंदणी दाखवली. "आत बसायलाच हवं. खेळायचं तुम्हीच, मी शिकवीन. त्याआधी कान तपासून घ्या आणि मुलांच्या डॉक्टरांनाही दाखवा."

"बोलेल ना गो?"

"माहीत नाही, आजी. वचन देणार नाही. पण काय जमतंय आणि काय नाही, ते तुम्हाला दर महिन्याला सांगीन."

आपलं मूल कुणाच्या हाती देताना एवढंच विचारायचं असतं. काय शिकलात, आम्हाला आत बसू द्याल का, आणि जमलं नाही तर तसं सांगाल का. खरा माणूस या प्रश्नांना चिडत नाही. हमखास बरं करतो म्हणणाऱ्याकडून आणि आईला दाराबाहेर बसवणाऱ्याकडून मूल उचलावं आणि घरी यावं.

रुचिरा भिंतीला टेकून बसली होती. तिने हळूच विचारलं, "ताई, तो मला भितो का?"

समीक्षाने विनीतकडे बोट दाखवलं. विनीत ठोकळे घेऊन उठला होता. आईकडे न बघता, पाठमोरा, एकेक पाऊल मागे सरकत तो आला आणि तिच्या मांडीत धप्पकन बसला.

"मागे वळून बघितलं त्याने?" समीक्षा म्हणाली. "बघायची गरज नाही त्याला. तुम्ही तिथे आहात, हे त्याला ठाऊक आहे."