बुधवारचा खाडा

माझी जीभ वाईट आहे, हे ठाकूरद्वारात कुणालाही विचारा. खानावळ चालवायची तर तोंड चालवावंच लागतं, असं मी म्हणत असे. आता म्हणत नाही.

आमचे हे लढाईच्या आधी बँकॉकला एका पेढीवर कारकून होते. तिथल्या शेजारणीकडून मी एक कालवण शिकले. नारळाचं दाट दूध, कोलंबी, लवंगी मिरच्या आणि गवती चहा. पुढे हे गेले, मी गिरगावात खानावळ काढली आणि दर बुधवारी ते कालवण करू लागले. लोक आधी हसले. "मालनबाई, चहाचं गवत कालवणात? मग चहात काय घालता, कोलंबी?" पुढे तेच मेले बोटं चाटायला लागले. पाटीवर नाव अन्नपूर्णेचं आहे, पण सगळे म्हणतात सयामी खानावळ.

त्यातला सगळ्यात खादाड मनमोहन. पेणचा पोरगा, फोर्टात कारकून, तेवीस वर्षांचा. वाटी पुढे करून म्हणायचा, "मावशी, आठवड्यातून दोन बुधवार करा ना!" मी म्हणायचे, "मेल्या, लग्न कर आणि बायकोला सांग."

माझा नियम एकच. जेवायला यायचं नसेल तर खाडा आदल्या दिवशी सांगायचा. ऐनवेळचा खाडा मी कुणाचाही घेत नसे. शिजवलेलं अन्न फुकट गेलेलं मला खपत नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईसाठी मुंबई पेटली होती. त्या बुधवारी सकाळी मनमोहन दारात उभा राहिला. "मावशी, आज रात्रीचा खाडा धरा. बाहेर गडबड आहे, सगळे हापिसातच झोपणार म्हणतायत."

मी नारळ खवत होते. मान वर न करता म्हणाले, "काल सांगायला काय झालं होतं? दूध काढायला घेतलंय मी. खाडाबिडा काही नाही. गुमान यायचं आणि जेवायचं."

तो हसला. "बरं बाई, येतो," म्हणाला.

आणि आला की हो! दिवेलागणीला आमच्याच नाक्यावर त्याला गोळी लागली. खालच्या जिन्यापासून वीस पावलांवर. त्याचं ताट वाढलेलं होतं.

महिन्याभराने, बुधवारीच, त्याचे वडील आले. गंगाधरपंत, पेणला शाळामास्तर. दुपारची गर्दी ओसरली होती. "मनमोहन इथेच जेवायचा ना? पत्रातून तुमचंच कौतुक," म्हणाले आणि नेमके त्याच्याच बाकावर बसले. मी वाढलं. दोन घास खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तिखट लागलं का? ताक देऊ?"

"तिखटाचं नाही हो," ते म्हणाले. मग सांगू लागले. "दहाव्याला कावळा शिवला नाही, मालनबाई. दोन तास उभे होतो. आईला जपेन म्हटलं, धाकट्या बेबीचं लग्न लावीन म्हटलं, मुंबई आपल्याला मिळेल म्हटलं. कावळे झाडावर बसून होते, एक खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला. त्याची आई तेव्हापासून नीट जेवत नाही. पोराचं काय राहिलं ते शोधून या, म्हणते. हापिसात जाऊन आलो. बाकीचे तिथेच झोपले होते, हा एकटाच बाहेर पडला. का पडला, कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला काही बोलला होता?"

मला ठाऊक होतं. अख्ख्या मुंबईत मला एकटीला ठाऊक होतं. पण एवढी तोंडाळ मी, उठून पान पुसायला घेतलं.

"पान ठेवून बघू या," एवढंच म्हणाले.

केळीच्या पानावर भात वाढला, वर ते कालवण घातलं. "कोलंबी चालेल?" मी विचारलं. "त्याला काय, सगळं चालायचं," ते म्हणाले. मागच्या गॅलरीच्या कठड्यावर मी पान ठेवलं. त्यांनी हात जोडले. मीही जोडले, आणि मनात म्हटलं, देवा, कावळा शिवू देऊ नकोस. खरंच असं म्हटलं मी, पापिणीने.

हात मागे घेते न घेते तोच कावळा आला. एक घास घेतला, मग दुसरा.

"शिवला! मालनबाई, शिवला!" गंगाधरपंत पोरासारखे रडायला लागले. रडता रडता माझ्या पाया पडायला वाकले.

तेव्हा मात्र मला राहवेना. त्यांचे हात धरले. "पाया नका पडू माझ्या. त्याने खाडा सांगितला होता. मी घेतला नाही. अन्न फुकट जाईल म्हणून मीच त्याला या म्हटलं." सगळं सांगून टाकलं, खवणीपासून ताटापर्यंत.

त्यांनी कठड्याकडे बघितलं. "म्हणजे जेवायलाच येत होता," म्हणाले.

"हो."

"भूक लागली असेल त्याला."

मला वाटलं आता शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं. पण ते आत गेले, आपल्या अर्ध्या ताटापुढे बसले आणि खाली मान घालून जेवू लागले. गार झालेला भात, गार कालवण, शीत न् शीत संपवलं.

"राहू द्या हो, गार झालंय," मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "शिजवलेलं अन्न फुकट जायला नको."

मग उठले, हात धुतले आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेले.