आतल्या बाजूची कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दाराच्या आतल्या बाजूची. बाहेरची कडी पाहुण्यारावळ्यांना ठाऊक असते. मला फक्त खोलीतला माणूस ओळखतो.

एका कारखान्यात लोखंडाची पट्टी कापून, वाकवून मला घडवलं आणि वर पितळी मुलामा दिला. हात लागून लागून तो गेला. इतरांचं पितळ उघडं पडतं, माझं लोखंड उघडं पडलं. मग या घरातल्या बाबांनी मला दारावर बसवलं आणि माझा कोयंडा चौकटीवर. दार लागलं तरच आमची भेट. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. स्क्रू पिळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "हत्तीने ढकललं तरी हलायची नाही," ते म्हणाले. हत्ती काही आला नाही, पण मी मात्र फुगले.

खोली मोठ्या मुलाची, म्हणजे दादाची. तो छापखान्यात कामाला होता. आधी मला कपडे बदलण्यापुरता लावायचा. मग सुट्टीभर. मग कामच सुटलं आणि मी दिवस दिवस कोयंड्यात. दादा गोळ्या घ्यायचा. त्या कुठल्या डॉक्टरने दिलेल्या नव्हत्या. घेतल्या की भिंतीकडे बघत बसायचा. सोबतीला मीच, आणि मला बोलता येत नाही.

घरात सगळ्यांना कळलं होतं. पण त्या गोष्टीसाठी त्यांनी एक सभ्य शब्द काढला होता: थकवा. आत्या आली, "थकलाय." मित्र आला, "थकलाय." पुढे मित्र यायचा बंद झाला. काहीही न करता इतका थकणारा माणूस शोधून सापडणार नाही. आई ताट दाराबाहेर ठेवायची आणि पाय न वाजवता परत जायची.

एका दुपारी ताट तसंच राहिलं. शेजारच्या काकू आल्या. त्या रुग्णालयात नर्स.

"दादा कुठाय?"

"थकलाय हो."

"अहो वहिनी, थकलेला माणूस हाक मारली तर निदान खेकसतो तरी! काही घेतो का तो?"

बाबा चष्मा पुसू लागले.

"अँब्युलन्सवाल्यांना काय सांगू? थकलाय?"

"नशा करतो," आई म्हणाली. "गोळ्यांची. बरेच दिवस झाले."

हा शब्द मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला.

बाबांनी दाराला खांदा दिला. मी सुटले नाही. "कुणी बसवली ही मेली!" ते ओरडले. पुन्हा धडक दिली तेव्हा चौकट फाटली आणि कोयंडा उडाला. दादा जमिनीवर, ओठ निळे. काकू गुडघ्यांवर बसल्या. "श्वास आहे. कुशीवर वळवा, लवकर!"

दादा वाचला. उपचार केंद्रात बरेच दिवस राहून घरी आला.

मी आता खिळ्यांच्या डब्यात असते. कोयंडा कचऱ्यात गेला. डब्यात कुणी कुणाशी बोलत नाही, पण बाहेरचं ऐकू येतं. काल आत्या आली. कुजबुजत म्हणाली, "थकवा कसा आहे आता?"

"थकवा नव्हता तो, वन्सं," आई नेहमीच्या आवाजात म्हणाली. "नशा होती. सोडतोय. जड जातंय त्याला. आत जा, बोला त्याच्याशी."

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं दार फार वेळ बंद राहत असेल, तर ते वाजवा. आतून काहीच आलं नाही, तर मदत मागा आणि खरा शब्द वापरा. माझ्यासारखीची भीड धरू नका. कडी तुटेल, चौकट फाटेल. त्याला सुतार मिळतो.